रिओहाचें तांबडें मद्य

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या कांठीं रिओहा नांवाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तेथील दाट, तांबड्या मद्याची परंपरा पुरातन म्हणून सांगतात. द्राक्षें पुरातन खरींच. पण ज्या चवीकरितां हें मद्य नांवाजलें, ती एकोणिसाव्या शतकांतली, आणि तीही बव्हंशीं फ्रेंचांपासून घेतलेली! ओकच्या पिंपांत मद्य मुरविण्याची बोर्दोची रीत मुर्रिएता व रिस्काल या घराण्यांनीं १८५० नंतर तेथें रुजविली. तिला खरी बरकत आली ती मात्र शेजाऱ्याच्या अनर्थामुळें. १८६० नंतर फायलोक्सेरा नामक, मुळें शोषणाऱ्या किडीनें फ्रान्सचे मळे उजाड केले, तेव्हां तेथील व्यापारी मद्याच्या शोधांत रिओहांत उतरले. आरो गांवीं रेल्वे-स्टेशनाभोंवतीं वखारी उठल्या. हें वैभव फार दिवस टिकलें नाहीं. १९०० च्या सुमारास तीच कीड रिओहांतही पोंचली, आणि अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमें बांधून मळे नव्यानें उभारावे लागले.

मद्यासोबत काय खावें, हें मात्र रिओहाच्या शेतकऱ्यास कोणीं शिकविलें नाहीं. छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यांवर तो कोकराच्या बरगड्या भाजतो. त्यांच्या चरबीनें मद्याचा तुरटपणा निवतो. मसाला म्हणून मीठ तेवढें.