चुकलेल्या उत्तराचे काय होते?

एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारून पाहावा. ‘ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?’ हा प्रश्न परीक्षागृहात समोर आला, तर छातीत धडधड सुरू होते. तोच दिवाळीत जमलेल्या भावंडांत निघाला, तर जो तो उत्तर देण्यास पुढे सरसावतो. ‘सिडनी’ असे ठासून सांगणारा फसतो, कोणीतरी ‘कॅनबेरा’ म्हणून त्याला दुरुस्त करतो आणि हशा पिकतो. प्रश्न तोच, अज्ञानही तेच. फरक पडतो तो चुकलेल्या उत्तराच्या वाट्याला काय येते, एवढ्यानेच.

गेल्या शंभर वर्षांत प्रश्न विचारण्याचे हे काम माणसाने हळूहळू यंत्राकडे सोपविले. आज फोनवर किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या प्रश्नमंजूषा हे त्याचे अगदी अलीकडचे रूप होय. त्यांचा इतिहास पाहताना यंत्रांच्या वेगाची वा विक्रीची मोजदाद करण्यापेक्षा, प्रत्येक यंत्राने चुकणाऱ्या माणसाला कसे वागविले, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

या इतिहासाचा आरंभ खेळात नाही. तो शाळेत आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे अध्यापक होते. शिक्षकांचा बहुमोल वेळ उत्तरपत्रिका तपासण्यात खर्ची पडतो, याची त्यांना खंत होती. १९२४ साली त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक छोटे यंत्र मांडले. यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न व त्याची चार संभाव्य उत्तरे दिसत, आणि त्यांच्यासाठी चार कळा असत. एक खटका फिरविला की या यंत्राचा स्वभावच पालटत असे. परीक्षेच्या वेळी कोणतीही कळ दाबली तरी पुढचा प्रश्न येई आणि बरोबर उत्तरांची संख्या आतल्या आत मोजली जाई. शिकविण्याच्या वेळी मात्र योग्य कळ दाबली जाईपर्यंत तोच प्रश्न ठाण मांडून बसे. ठराविक उत्तरे बरोबर आल्यास खाऊची गोळी बाहेर टाकणारी जोडणीही प्रेसींनी केली होती. परीक्षा, शिकवण आणि बक्षीस या तिन्ही गोष्टी एका लहानशा पेटीत प्रथमच एकत्र आल्या. परंतु यंत्र खपले नाही, आणि १९३२ साली प्रेसींनी हे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले.

वीस वर्षांनी हा विषय पुन्हा निघाला. नोव्हेंबर १९५३ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहावयास गेले. सारी मुले एकाच गतीने चालविली जात आहेत, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी स्वतःचे अध्यापनयंत्र तयार केले; पण चार पर्यायांना त्यांचा विरोध होता. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः रचावे, नुसते ओळखू नये. आणि खोटी उत्तरे आकर्षक वेषात त्याच्यापुढे मांडू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेसींच्या यंत्रात चूक ही शिकण्याची एक पायरी होती. स्किनर पायऱ्या इतक्या लहान करू पाहत होते की चूक सहसा होऊच नये. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिकविण्याची योजना सुरू झाली आणि प्रश्न विचारणाऱ्या यंत्राला पडदा मिळाला.

पुढे हे यंत्र शाळेबाहेर पडले. १९७६ साली अटारी कंपनीने ‘क्विझ शो’ नावाचा, नाणे टाकून खेळावयाचा खेळ काढला. त्यातील प्रश्न चुंबकीय फितीवर साठविलेले होते. येथे शिक्षक नव्हता आणि प्रगतिपुस्तकही नव्हते. चुकलेल्या उत्तराने फार तर गुण बुडे. ज्या गोष्टीची शाळेत धास्ती वाटे, तिच्यासाठी माणूस आता खिशातले नाणे काढू लागला.

पुढचे पाऊल १९९५ साली शिकागोच्या जेलीव्हिजन या संस्थेने ‘यू डोन्ट नो जॅक’ या खेळाने टाकले. आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्याचे नवल वाटणार नाही. कारण त्यात चित्रे थोडी आणि आवाजच मुख्य होता. सूत्रसंचालक दिसत नसे, फक्त ऐकू येई. आणि चुकलेल्या खेळाडूची तो यथेच्छ थट्टा करी. एकाच संगणकाभोवती दाटीवाटीने बसलेल्या मंडळींना त्या थट्टेचाच मोह पडे. २००५ साली सोनी कंपनीच्या ‘बझ’ या खेळाने प्रत्येक खेळाडूच्या हाती एक मोठी लाल कळ व चार रंगीत कळा असलेले साधन दिले. प्रेसींच्या चार कळा अशा रीतीने बैठकीच्या खोलीत आल्या. २०१४ साली जेलीव्हिजनच्याच परंपरेतल्या ‘फिबेज’ या खेळाने तर कमालच केली. त्यात खोटे पर्याय केवळ यंत्र देत नाही. खेळणारेही ते आपापल्या फोनवर रचतात, आणि आपल्या थापेला जितके सोबती फसतील तितके गुण मिळतात. स्किनरना ज्याची भीती वाटत होती ते खोटे उत्तर येथे चातुर्याचे लेणे ठरले.

आपल्या देशात ही परंपरा आधी आवाजाच्या रूपाने आली. १९७२ साली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ नभोवाणीवर सुरू झाली. आणि जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ने चार पर्याय घरोघरी पोहोचविले. तेथे मात्र चुकलेले उत्तर खेळाडूला आसनावरून थेट उठवी.

शाळेतून बाहेर पडलेला हा खेळ शाळेत परतला तो नॉर्वेमध्ये. ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठात प्राध्यापक आल्फ इंगे वांग यांनी २००६ पासून वर्गात प्रश्नखेळाचे प्रयोग चालविले होते. त्यांतूनच २०१३ साली ‘कहूत’ जन्मास आला. समोर पडद्यावर प्रश्न, विद्यार्थ्यांच्या हातातील फोनवर चार रंगांच्या चार कळा. प्रत्येक प्रश्नानंतर कोणत्या पर्यायाला किती मते पडली ते दिसते, पण कोण चुकले ते त्या आलेखावरून कळत नाही. चूक अशी निनावी झाली. तथापि लवकर उत्तर देणाऱ्यास अधिक गुण असल्याने, सावकाश विचार करणारा मागे पडण्याचा धोका राहिलाच. २०१५ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘क्विझिझ’ने (२०२५ पासून तिचे नाव ‘वेग्राउंड’ आहे) प्रत्येक मुलाला आपल्या गतीने पुढे जाण्याची मुभा दिली. स्किनरना त्या तासाला खटकलेली गोष्ट ती हीच.

या खेळांनी खरोखर काही शिकता येते काय? २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुनर्वाचन करणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणजे प्रश्नाला उत्तर देणे हेच शिकणे असते. दुसरीकडे, चार पर्यायांतील खोटे उत्तर कित्येकदा खरे म्हणून मनात राहते, असेही रोडिगर आणि मार्श यांनी २००५ साली दाखविले. त्यावर एक उपाय: चुकल्यानंतर खरे उत्तर सांगणे. प्रेसींचा हट्टी खटका आणि स्किनरांची शंका, दोन्ही खरी ठरली.

ज्या स्पर्धापरीक्षेच्या दाराने मी सरकारी सेवेत आलो, तेथे चुकलेल्या उत्तरापायी मिळविलेले गुणही वजा होत. थोड्या जागा आणि अगणित उमेदवार असता अशी कठोरता लागते, हे मी नाकारीत नाही. पण शंका असेल तेथे गप्प बसावे ही जी सवय तेव्हा जडली, ती कचेरीतही सुटली नाही; बैठकीत मनात आलेला विचार कितीदा ओठांवरच थांबला, याचा हिशेब माझा मलाच ठाऊक. गेल्या दिवाळीत पुतण्यांनी आग्रहाने मला असल्याच एका खेळात बसविले. उत्तराविषयी खात्री नव्हती, म्हणून मी फोन हाती धरून नुसता बसून राहिलो; वेळ संपत आली. तेव्हा आठ वर्षांची पुतणी माझा हात हलवून म्हणाली, “काका, दाबा की! चुकलं तर काय होईल?”

मी कळ दाबली. उत्तर चुकले, सारे हसले, आणि खरे उत्तर पडद्यावर आले. ते मी अजून विसरलेलो नाही.