अंत्यविधीचा खर्च आणि यजमानाचा हक्क

मुधोळ आज तेलंगणात, निर्मल जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेमुळे ते आदिलाबाद जिल्ह्यास जोडले गेले. सीमा बदलली, तरी मराठी घरांतील दहाव्या-तेराव्याचे विधी बदलले नाहीत. अस्थी घेऊन जाण्यास जवळच बासर आहे, श्रीसरस्वतीचे क्षेत्र आणि गोदावरीचा तीर.

या विधींचा खर्च पूर्वी रोकडीत फारसा मोजला जात नसे. कुंभार मडके देई, न्हावी क्षौर करी, महार सरपण वाही व परगावी मृत्यूची वार्ता नेई; मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने मिळे. ही व्यवस्था स्वस्त होती, असे पुष्कळजण गौरवाने सांगतात. ती स्वस्त होती, कारण राबणाऱ्यास नकार देण्याची मुभा नव्हती.

यजमानासही ती नव्हती, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. शेजारच्या मुंबई इलाख्यात वतनदार ग्रामजोशास वगळून दुसऱ्या उपाध्यायाकडून धर्मकृत्य करविले, तरी वतनदार आपली दक्षिणा मागू शके; एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टाने हा हक्क मान्य केला होता. १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, पुरोहितावाचून विधी होऊ लागले आणि हे तंटे अधिकच चिघळले. अखेर सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने १९२६ साली मुंबई कायदेमंडळात कायदा झाला: ज्यास बोलाविले नाही, त्यास दक्षिणा मागता येणार नाही. यात पौरोहित्याची निंदा मुळीच नव्हती. बोलाविलेल्या उपाध्यायाची दक्षिणा व मान अबाधित राहिला. मुधोळ तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून हा कायदा तेथे लागू नव्हता.

तेराव्याच्या जेवणावळीपुढे मात्र कायद्याचे काही चालत नाही. कर्ज काढून पंगती घालू नका, असे गाडगेमहाराज कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले. मुधोळ नांदेडपासून तुटले, त्याच वर्षी, २० डिसेंबरला, ते निवर्तले.

आता देणी निराळ्या ठिकाणी उभी राहतात: रुग्णालयाच्या बिलात, शववाहिकेच्या भाड्यात, सरपणाच्या दरात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. बिलाच्या वादावरून पार्थिव अडवून ठेवू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी दर आधी विचारावा आणि पावती जपून ठेवावी. शोकाच्या घरी असे विचारणे अशोभनीय वाटते खरे, म्हणून हे काम शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली, तर विलंबशुल्क पडत नाही. तेलंगणात २०१९ पासून गावोगावी ग्रामपंचायतींनी ‘वैकुंठधाम’ या नावाची स्मशाने बांधली आहेत. खर्चाचा अंदाज बांधण्यापूर्वी तेथील सोय पाहून घ्यावी. बासरास जाणाऱ्याने दक्षिणेचा आकडा संकल्प सोडण्यापूर्वीच ठरवावा. ‘यथाशक्ति’ हा शब्द संकल्पातच आहे; तो उपाध्यायांपाशी मोकळेपणाने उच्चारण्यास हरकत नाही.