ज्यांच्या नावानं बायका बोटं मोडायच्या : निळूभाऊ फुले

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि गप्पा निघाल्या जुन्या सिनेमांच्या. कुणीतरी निळू फुले यांचं नाव घेतलं, तशी आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "त्या मेल्याचं नाव नका काढू बाई!" सगळ्या हसल्या. आजींनी त्यांचे सिनेमे जत्रेतल्या तंबूत बसून पाहिलेले. ते पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. आम्ही तेच सिनेमे लहानपणी रविवारी दुपारी दूरदर्शनवर पाहिले, आणि आम्हालाही तेवढीच चीड यायची. इतका राग लोकांकडून घेणारा हा माणूस होता तरी कोण, ते आज सांगायचं ठरवलं आहे.

निळू फुले म्हणजे निळकंठ कृष्णाजी फुले. लोक प्रेमानं निळूभाऊ म्हणत. ते पुण्याचे. घरची परिस्थिती ओढगस्तीची. सतराव्या वर्षी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला देत. आपल्याला बचतीची सवय आहे, तेव्हा ८० तले १० बाजूला काढणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. स्वतःची रोपवाटिका काढायचं त्यांच्या मनात होतं, पण भांडवल जमलं नाही. ही अडचणही आपल्या ओळखीचीच.

सेवा दलाच्या कलापथकात ते नाटकं करू लागले. गावोगावी जायचं, लोकांना हसवायचं आणि हसता हसता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, असं ते काम. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मध्ये त्यांनी काम केलं. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं. १९६८ साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा आला. त्यातल्या झेलेअण्णाच्या भूमिकेतून ते पडद्यावर आले आणि चाळीस वर्षं तिथेच राहिले.

आता हा काळ कोणता, ते बघा. १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. सहकारी साखर कारखाने वाढत होते. गावात पैसा आला, रस्ते आले, शाळा आल्या. त्याबरोबर नवी सत्ताही आली. जुन्या सिनेमात सावकार खलनायक असायचा. आता सरपंच, चेअरमन, कारखान्याचा मालक असल्यासारखा वागणारा पुढारी आला. या नव्या सत्तेनं पुष्कळांचं भलं केलं, हे खरं. पण तिच्या आडून दांडगाई करणारेही होते. त्यांच्याबद्दल गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. निळूभाऊंनी त्या माणसाला चेहरा दिला.

तो चेहरा कसा, आठवून बघा. डोक्यावर पांढरी टोपी, आवाज खालचा, बोलणं सावकाश. आरडाओरडा नाही. नुसतं एकदा वरपासून खालपर्यंत बघणं. त्या बघण्यानंच अंगावर काटा यायचा. आमच्या आजींना विचारलं, एवढा राग का यायचा? त्या म्हणाल्या, "अगं, तसाच एक आमच्या गावात होता. त्याला बोलायची सोय नव्हती. मग याला शिव्या घालायच्या." आम्हाला वाटतं, निळूभाऊंच्या कामाची याहून मोठी पावती नाही. बायकांना जे घरात सांगता येत नव्हतं, ते तंबूच्या अंधारात बोटं मोडून सांगता आलं.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' हे नाटक रंगमंचावर आलं. सखाराम हा नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरी आणतो, अन्नवस्त्र देतो आणि बदल्यात अटी घालतो. सखाराम होते निळूभाऊ आणि चंपा होत्या लालन सारंग. नाटकावर मोठं वादळ उठलं, सेन्सॉरनं अडवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. टाकलेल्या बाईला छप्पर हवं असेल तर तिला काय काय कबूल करावं लागतं, हे त्या नाटकानं उघड दाखवलं. अशा बाया आपल्या गटांतही आहेत. फरक एवढाच की आज त्यांच्या नावावर खातं आहे.

त्यानंतर 'सामना'. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, लेखन तेंडुलकरांचं. हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळूभाऊ त्यात हिंदूराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. समोर डॉ. श्रीराम लागू, दारूच्या आहारी गेलेले मास्तर. मास्तर एकच गोष्ट विचारत राहतात, मारुती कांबळे या माणसाचं काय झालं? त्या साध्या प्रश्नानं एवढ्या ताकदवान माणसाची झोप उडते. पुढे १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले, म्हणजे सत्तेकडे बाहेरून बघणारा माणूस. दोन्ही बाजू त्यांना तेवढ्याच येत होत्या.

आणि खरे निळूभाऊ? पडद्याच्या अगदी उलट. साधी राहणी, चळवळींशी घट्ट नातं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. डॉ. लागू आणि इतर नामवंत कलाकारांसोबत त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे राहिले. पूर्णवेळ समाजकार्य करणाऱ्यांना दर महिन्याला मानधन मिळावं, यासाठी तो निधी. ८० तले १० देणारा माळी मोठा नट झाल्यावरही देतच राहिला. १३ जुलै २००९ ला ते गेले.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. त्या सिनेमांतली बाई बहुतेक वेळा रडते, पळते, नाहीतर कुणी वाचवायला येईल म्हणून वाट बघते. मास्तरांसारखा प्रश्न ती विचारत नाही. आज दिवस बदललेत. १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या आहेत, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. सिनेमात निळूभाऊ ज्या खुर्चीत बसायचे, तिथे आता बाई बसते. पण सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा, असं किती गावांत चालतं, ते तुम्हालाच ठाऊक.

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आहे. आपल्या गावात ती होते का, की घरोघरी वही फिरवून सह्या घेतात? पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हा विषय काढा. आजींच्या वेळी बायकांना नुसती बोटं मोडता आली. आपल्याला उभं राहून विचारता येतं. तेव्हा विचारा.