तळटीप : गवताचे किमान वय

* लेखकाने बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आलमबागेजवळ दाखवली आहे. ती प्रत्यक्षात गोमतीपलीकडे, लखनऊ विद्यापीठालगत आहे. ‘किमान वय’ म्हणजे काय, हे तिथल्याच एका कामावरून कळते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरच्या काळातली अश्मीभूत विष्ठा सापडते. तीत वंदना प्रसाद व सहकाऱ्यांना गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले (२००५). त्यांतले काही भाताच्या गटाशी जुळणारे. थर साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे गवताच्या शाखा त्याआधीच फुटलेल्या. किती आधी, हे जीवाश्म सांगत नाही. म्हणून डीएनएमधील फरकांवरून वंशवृक्षाचे वय काढताना अलीकडची मर्यादा पक्की धरतात, पलीकडची सैल. ती बरीचशी अभ्यासकाच्या अंदाजावर. खरी मेख पुढेच : जीवाश्म टांगायचा कोणत्या फांदीवर? कण भातगटाचे मानले, तर साऱ्या गवतकुळाचे वय बरेच मागे सरकते. नुसते ‘कुठलेतरी गवत’ म्हटले, तर तितके नाही. त्यामुळे लेखकाने वर दिलेला गवताच्या वयाचा एकच नेमका आकडा जपून घ्यावा. — संपा.