दीर्घकालीन मूत्रपिंडविकार

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार (सीकेडी) म्हणजे मूत्रपिंडांच्या रचनेत किंवा कार्यात निर्माण होऊन तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारा बिघाड होय. मूत्रपिंडास वृक्क, तर बोलीभाषेत किडनी असे म्हणतात. तीव्र जुलाब, सर्पदंश इत्यादींमुळे अचानक उद्भवणारा बिघाड वेळीच उपचार झाल्यास बहुधा भरून येतो. दीर्घकालीन विकारात झालेली हानी सहसा भरून येत नाही, परंतु तिची गती कमी करता येते.

मूत्रपिंडांचे कार्य

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शोषला जातो आणि एक ते दोन लिटर मूत्र उरते. रक्तदाब व क्षारांचे संतुलन राखणे, तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणे ही कार्येही मूत्रपिंडे करतात. नष्ट झालेले नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाहीत. उरलेले नेफ्रॉन अधिक भार उचलतात. त्यामुळे विकार बराच वाढेपर्यंत रुग्णास त्रास जाणवत नाही.

कारणे

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही प्रमुख कारणे आहेत. उच्च रक्तदाब या विकाराचे कारणही असतो आणि परिणामही. नेफ्रॉनमधील केशिकागुच्छांचा दाह, आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंड, मुतखडा वा वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे होणारा मूत्रमार्गातील अडथळा आणि वेदनाशामक औषधांचे दीर्घकाळ सेवन ही अन्य कारणे होत. आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात यांपैकी कोणतेही कारण नसलेल्या अनेक ग्रामस्थांनाही हा विकार जडलेला आढळतो.

लक्षणे

पायांवर व डोळ्यांभोवती सूज, थकवा, फेसाळ लघवी, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, भूक मंदावणे, मळमळ व खाज ही लक्षणे आढळतात. यांतील बरीच लक्षणे उशिरा दिसतात.

निदान व टप्पे

रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन चाचण्या महत्त्वाच्या आहेत. क्रिएटिनिन स्नायूंपासून निर्माण होत असल्याने कृश वा वृद्ध व्यक्तीत त्याचा आकडा सामान्य दिसूनही गाळणक्षमता घटलेली असू शकते. म्हणून वय व लिंग विचारात घेऊन गाळणदर (जीएफआर) काढतात. त्यावरून पुढील टप्पे ठरतात (मिलिलिटर प्रतिमिनिट):

- पहिला: ९० वा अधिक
- दुसरा: ६० ते ८९
- तिसरा: ३० ते ५९
- चौथा: १५ ते २९
- पाचवा: १५ पेक्षा कमी

पहिल्या दोन टप्प्यांत लघवीतील अल्ब्युमिनसारखा हानीचा अन्य पुरावा आढळल्यासच विकार मानला जातो.

उपचार

रक्तदाब व रक्तशर्करा नियंत्रित ठेवणे हा उपचारांचा पाया आहे. काही रक्तदाबनियंत्रक औषधे अल्ब्युमिनची गळती कमी करतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यास रक्त शुद्ध करण्यासाठी डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागते. यंत्राद्वारे होणारे डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. भारतात प्रत्यारोपणाचे नियमन १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यान्वये होते.

प्रतिबंध

मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्रास नसतानाही वर्षातून एकदा वरील दोन्ही चाचण्या करून घेणे हितावह असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. सैंधव मिठातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडविकार असलेल्यांना ते धोकादायक ठरू शकते. धूम्रपान, वैद्यकीय सल्ल्याविना घेतलेली वेदनाशामके आणि घटक अज्ञात असलेली भस्मे वा चूर्णे टाळावीत. पाणी व प्रथिनांचे प्रमाण विकाराच्या टप्प्यानुसार बदलते. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला प्रत्येक रुग्णास लागू पडत नाही.

मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून २००६ पासून पाळला जातो.