पहिली गाडी कुणी निवडली?

दहावीचा निकाल लागला की मुख्याध्यापकाच्या खोलीत पालकांची वर्दळ सुरू होते. सायन्स घ्यावे की कॉमर्स, हा प्रश्न ठरलेला. गेली काही वर्षे त्याच्या शेपटाला दुसरा एक प्रश्न बांधून येतो. 'सर, पास झालास की गाडी देतो म्हणून बसलोय पोराला. कुठली घेऊ सांगा की!' विचारणारा शेतकरी असो, नोकरदार असो की दुकानदार, सूर तोच.

मी इतिहास शिकवतो. प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो प्रश्न समाजाला कधीपासून पडू लागला हे पाहण्याची मला खोड आहे. 'पहिली गाडी कुठली?' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला तो पडलाच नाही. वडिलांच्या पिढीला पडला, पण उत्तर त्यांच्या हातात नव्हते. आमच्या पिढीला निवड मिळाली, आणि ती कशी करायची हे मात्र कुणी शिकवले नाही. नवशिक्याच्या हाती पहिली गाडी कोणती आली आणि ती निवडली कुणी, एवढ्याचा मागोवा घ्यावा म्हणून हा लेखप्रपंच.

आपले बेळगाव पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचे. उत्तरेला पुणे आणि दक्षिणेला म्हैसूर, या दोन्ही शहरांत दुचाक्यांचे कारखाने निघाले आणि दोहोंच्या मधला हा पट्टा दोन्हीकडच्या गाड्यांचे गिऱ्हाईक बनला. पण आधी मद्रासचे नाव घेतले पाहिजे. १९५५ साली इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून आपली बुलेट तिथे बनवायला घेतली. या कारखान्यामागची पहिली मोठी मागणी भारतीय लष्कराची होती. म्हणजे स्वतंत्र भारतात इथे तयार झालेली ही गाडी फौजेने निवडलेली, तगड्या जवानासाठी. आमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने 'फटफटी' म्हणजे बुलेट, हे समीकरण इथल्या मुलांच्या डोक्यात पक्के होते.

१९६० साली म्हैसूरला रुस्तम आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून जावा गाडी तिथे बनू लागली. गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली जानेचेक नावाच्या उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून 'जावा' झाले. पुढे १९७३ पासून हीच गाडी 'येझदी' नावाने निघाली. दिल्लीजवळ फरिदाबादला एस्कॉर्ट्सने १९६२ पासून पोलंडच्या गाडीवर बेतलेली 'राजदूत' काढली. आणि पुण्याच्या बजाज ऑटोने १९५९ साली सरकारी परवाना मिळवून इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर आणली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ साली तिचीच बहीण 'चेतक' म्हणून जन्माला आली.

आता यात गिऱ्हाइकाची निवड कुठे होती? कोणत्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हा आकडा परवान्यात लिहिलेला असे. स्कूटरच्या वाटपावर १९६० सालच्या नियंत्रण आदेशाचा अंमल होता. नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे त्या काळी गावोगाव होती. मुलाच्या जन्मावेळी नोंदवलेली स्कूटर तो चौथीत गेल्यावर घरी यायची, हे वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकले असेल. नंबर लागलेली स्कूटर दारात येण्याआधीच जादा पैसे देऊन घेणारा उभा असे. अशा दिवसांत शिकाऊ माणसाला काय झेपेल याचा विचार करणार कोण? मिळाली ती गाडी आपली.

एक मात्र सांगितले पाहिजे. म्हैसूरची जावा आणि पुण्याची स्कूटर आपल्या गल्लीत शेजारी-शेजारी सुखाने नांदल्या. भाषेचा वाद माणसांत होता, गाड्यांत नव्हता. क्लच, किक, गिअर, पंक्चर हे शब्द मराठी मुलगाही वापरतो आणि कन्नड मुलगाही. गॅरेजात बसलेल्या दोघांचे व्याकरण वेगळे असते, शब्दकोश एकच.

मिळेल ती गाडी घ्यायची, तर त्या गाडीचे तऱ्हेवाईकपणही शिकावे लागे. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ती सुरू करायची म्हणजे पूजाच. अँपिअरच्या काट्याकडे बघत, डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी दाबत इंजिन नेमक्या जागी आणायचे, मग सगळे वजन टाकून किक. चुकले तर किक उलटी उसळून नडगी फोडणार. जावाची तऱ्हा निराळी. तिचा गिअरचा दांडा आणि किक एकच. दांडा आत दाबून वर फिरवायचा की तो किक होई, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून गिअर टाकायचा. स्कूटरचे इंजिन उजव्या बाजूला असल्याने तिचे वजन एकीकडे. सकाळी तिला कलती करून मग किक मारण्याचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. गिअर डाव्या मुठीत, क्लचही तिथेच. शिवाय या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये मापाने ऑईल घालावे लागे. माप चुकले तर इंजिन जाम, नाहीतर मागे धुराचा लोट.

हे सारे त्रासाचे होते, पण या त्रासात एक शिक्षण दडलेले होते. गाडीवर बसण्याआधी माणसाला ती समजून घ्यावी लागे. घरची एकमेव गाडी वडिलांची, त्यामुळे मुलाच्या हाती ती सहजासहजी पडत नसे. आधी पुसायची, मग ढकलायची, मग रिकाम्या मैदानात वडिलांना मागे बसवून चालवायची. या चाली-रितीत वर्षभर जाई.

या शिक्षणाला पहिली इयत्ता मिळाली ती १९७२ साली. कायनेटिक इंजिनिअरिंगने फिरोदियांच्या नेतृत्वाखाली 'लुना' आणली. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखी पायडले, गिअर नाही, क्लचची कटकट नाही. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी या. आमच्या वडिलांनी घेतलेल्या लुनावरच मी गाडी शिकलो. सायकल येणाऱ्याला लुना अर्ध्या तासात येई, कारण तोल तोच आणि रस्त्याची समजही तीच. नवीन होती ती फक्त मुठीतली ताकद. पुढे १९८४ साली इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातून बिनगिअरची कायनेटिक होंडा निघाली. तिला बटनाचा स्टार्टर होता. साडी नेसून किक मारण्याचा प्रश्न मिटला, आणि शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या भगिनी स्वतःच्या गाडीवर दिसू लागल्या. नवशिक्या म्हणजे मिसरूड फुटलेला मुलगा, ही समजूत त्या गाडीने मोडली. मोटारसायकलीच्या इतिहासात लुना-कायनेटिकला एखादी ओळ मिळते. माझ्या मते शिकणाऱ्यांच्या इतिहासात त्यांना एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

अशी नकळत एक शिडी तयार झाली होती. सायकल, लुना, स्कूटर आणि मग मोटारसायकल. कुणी नियम केला नव्हता. टंचाईने आणि वडिलांच्या रिकाम्या खिशाने केलेला तो अभ्यासक्रम होता.

ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी-१०० आणि त्याच वर्षी यामाहा आरएक्स-१००, १९८६ मध्ये कावासाकी-बजाज. चारही गाड्या शंभर सीसीच्या आसपासच्या, हलक्या आणि एका किकमध्ये सुरू होणाऱ्या. 'कुठली घेऊ?' हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला. आमची कॉलेजची वर्षे तीच. कट्ट्यावर दोन पक्ष पडले होते. एक हिरो होंडाचा, जो मायलेजचे आकडे तोंडपाठ म्हणे. दुसरा यामाहाचा, जो आवाजावरच फिदा होता.

इथे थोडे गणित करू. आरएक्स-१०० चे इंजिन अठ्ठ्याण्णव सीसीचे, ताकद सुमारे अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोंच्या आसपास. त्या काळच्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटची ताकद अठरा अश्वशक्ती आणि वजन एकशे साठ किलोंच्या वर. ताकदीला वजनाने भागून पाहा. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी येतात! म्हणजे 'लहान गाडी' म्हणून पोराच्या हाती दिलेली गाडी पळण्याच्या बाबतीत बुलेटच्या तोडीची होती. उलट हिरो होंडाचे इंजिनही तेवढ्याच सीसीचे, पण ताकद साधारण सात अश्वशक्ती. सीसी एक, स्वभाव दोन. आकड्यावरून गाडी जोखण्याची जी सवय आपल्याला लागली, ती तेव्हापासून. आज तर दोनशे सीसीच्या काही गाड्यांत पंचवीसच्या आसपास अश्वशक्ती असते आणि वजन एकशे साठ किलोंच्या आसपास. फौजेने जवानासाठी निवडलेल्या गाडीपेक्षा ही ताकद जास्त, आणि तीवर बसणारा मुलगा काल सायकलवर होता.

शिडीच्या मधल्या पायऱ्या निघून गेल्या त्या अशा. आता टंचाई शिकवत नाही. हप्त्याने गाडी मिळते, दसरा-पाडव्याला दुकानाबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. आज निवड होते ती जाहिरातीने, मित्रांच्या टोळक्याने आणि बापाच्या हौसेने.

कायद्याने मात्र शिकाऊ माणसाचा विचार केला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी चालवण्याचे वय अठरा. पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीपुरती ही अट सोळा वर्षांची. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. तो काढल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शिकवणारा परवानाधारक सोडून कुणालाही डबलसीट घ्यायचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवाना नाही, अशी तरतूद केली. दहावी पास झालेला मुलगा सोळाचा असतो. त्याला गिअरची गाडी बक्षीस देणारा बाप त्याला नेमके काय देतो आहे, हे या कलमात लिहिले आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरांत सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आकडे वाचताना डोळे भरत नाहीत. पण सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला दोन मिनिटे शांत उभे राहायला सांगण्याची पाळी माझ्या नोकरीत एकापेक्षा अधिक वेळा आली आहे. त्या दोन मिनिटांत एरवी चुळबुळणारी पाचवीची मुलेही हलत नाहीत. त्या शांततेचा इतिहास कुठल्या पुस्तकात लिहिला जात नाही, म्हणून इथे लिहितो.

मग निवडायचे कसे? इतिहासाने जे आयते शिकवले, तेच आता जाणीवपूर्वक करायचे. अठरा पूर्ण होईपर्यंत सायकल, आणि ती भर रस्त्यावर शिस्तीने. पहिली गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, साधी. शक्य तर वापरलेली घ्यावी. शिकताना गाडी पडतेच, आणि नव्या गाडीचा ओरखडा वाचवण्याच्या नादात मूल नको तिथे पाय टाकते. जुनी घेताना कागदपत्रे तपासा. आपल्या भागात हे विशेष, कारण एमएच-०९ ची कोल्हापूरची गाडी स्वस्त वाटली तरी ती बारा महिन्यांहून अधिक काळ केए-२२ च्या हद्दीत ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. बंद गाडी एकट्याने ढकलता, वळवता आणि मेन स्टँडवर लावता आली पाहिजे. ज्याला उभी गाडी पेलत नाही, त्याला पळती पेलणार नाही. ब्रेककडे इंजिनाआधी बघा. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशेच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी सोय सक्तीची झाली आहे. जुन्या गाडीत ती असेलच असे नाही. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, आणि गाडीच्या आधी खरेदी करायचे.

आणि दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याविना रस्त्यावर उभे असतात. पाडव्याला गाडी आली तरी नवशिक्याने हा हंगाम संपेपर्यंत रात्रीचा हमरस्ता टाळावा, एवढी शिस्त घराने पाळलीच पाहिजे.

म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव परत आले. नावे परत येतात, रूपे परत येतात, हौसही परत येते. आजवर नवशिक्याची पहिली गाडी कधी फौजेने निवडली, कधी परवान्याने, कधी टंचाईने, तर कधी जाहिरातीने. शिकणाऱ्याच्या वयाला, हातांना आणि जमिनीवर टेकलेल्या त्याच्या पायांना मात्र कुणी विचारले नाही. साठ-सत्तर वर्षांच्या या इतिहासात तेवढेच एक पान कोरे आहे. ते आपल्या घरात लिहायचे आहे.