होमाई व्यारावाला : छायाचित्रामागचे नाव

१/ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात.

२/ पुढे दिल्लीत त्यांनी १९४७ चा स्वातंत्र्यसोहळा व गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. छायाचित्रे देशाच्या स्मरणात राहिली. ती टिपणारी मात्र विस्मृतीत गेली.

३/ १९९८ मध्ये सबीना गडिहोक यांच्या ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ या माहितीपटात, शेबा छाछी व दयानिता सिंग या पुढच्या पिढीतील छायाचित्रकारांसोबत, ऐंशी ओलांडलेल्या होमाई स्वतःची कहाणी सांगू लागल्या. पद्मविभूषण मिळाले २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी.

४/ म्हणून जुने छायाचित्र पाहताना त्याखालचे नाव अवश्य वाचावे. आणि कॅमेरा खरोखर त्याच हातात होता का, हेही तपासावे.